पोर्ट खरी कोणती?

मामीला यंदा ऐंशी पूर्ण झाली. वाढदिवसाला काय आणू, असं फोनवर विचारलं तर थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, "तुझा मामा आणायचा ना रे गोव्याहून, ती पोर्ट मिळते का बघ."

मामा जाऊन सहा वर्षं झाली. आमच्याकडे दारूचं नाव घरात काढायची सोय नव्हती, पण मामाची पोर्ट औषधांच्या फळीवर असायची, द्राक्षासवाच्या बाटलीला खेटून. "टॉनिक आहे," एवढं म्हटलं की आजीसुद्धा काही बोलत नसे. रविवारी रात्री जेवणं आटोपली की स्टीलच्या फुलपात्रात दोघं दोन-दोन घोट घ्यायची.

आता इतक्या वर्षांनी मागितलीच आहे, तर अस्सल आणू म्हटलं. दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "रूबी की टॉनी?" आणि लगेच पुढे, "गोड असते हां, सर. शौकीन लोक घेत नाहीत फारशी." मी उगाचच ओशाळलो. रूबी घेतली, घरी आलो आणि रात्री या गोड वाइनची कुंडली काढत बसलो.

गंमत म्हणजे ही वाइन पोर्तुगालची खरी, पण तिला वाढवलं इंग्रजांच्या जिभेने. फ्रान्सशी सतत लढाया, त्यामुळे फ्रेंच वाइन दुर्मीळ. १७०३ साली मेथुएन तह झाला. इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालात जाणार आणि पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागणार. दोरो नदीच्या खोऱ्यातली पिंपं होड्यांतून पोर्तोकडे येऊ लागली आणि तिथून जहाजाने इंग्लंडला. प्रवासात वाइन बिघडू नये म्हणून व्यापारी तीत थोडी ब्रँडी ओतत.

मागणी वाढली तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस मिसळायला लागले. भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा कारभार ज्याच्या हाती होता, त्याला आपण पुढे मिळालेल्या किताबाने ओळखतो : मार्क्विस द पोंबाल. गोव्याच्या इतिहासात तो भेटतो १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज राज्यातून हाकलणारा म्हणून. त्याने १७५६ साली एक कंपनी काढून पोर्टचा धंदा तिच्या ताब्यात दिला, खोऱ्याची हद्द दगडी खांब रोवून आखली आणि एल्डरबेरीची झुडपं उपटायला लावली. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तो शहरात दंगल झाली, तेव्हा लोकांना फासावर चढवलं. 'खरी पोर्ट' ही कल्पना अशी हुकुमाने आणि दोरखंडाने जन्माला आली.

पण ती पोर्ट आजच्यासारखी होती का? नाही! आज द्राक्षरस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांचं कडक स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून ती गोड, आणि वर १९ ते २२ टक्के अल्कोहोल. ही रीत सगळीकडे रुळायला एकोणिसावं शतक उजाडलं. १८२० साली द्राक्षं इतकी छान पिकली की वाइन आपसूकच गोड झाली. गिऱ्हाइकांना चटक लागली आणि मग दरवर्षी तशीच चव आणायला ब्रँडीचा आधार घेणं आलं.

यावर चिडला तो जोसेफ जेम्स फॉरेस्टर. पोर्तोत धंदा करणारा हा इंग्रज दोरो नदीचे सुंदर नकाशे काढणारा म्हणूनही गाजलेला. १८४४ साली त्याने एक पुस्तिकाच काढली : ब्रँडी ओतणं ही भेसळ आहे, खरी पोर्ट कोरडीच हवी. लोक म्हणाले, आम्हाला गोडच आवडते. १८६१ साली त्याच दोरोच्या धारेत होडी उलटून फॉरेस्टर बुडाला. सोबतच्या दोना आंतोनिया फेरेइरा, वाइनच्या धंद्यातली मोठी असामी, वाचल्या. घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवलं आणि कमरेच्या सोन्याने फॉरेस्टरला तळाशी नेलं, अशी आख्यायिका आहे. आज कायद्याने ब्रँडीशिवाय पोर्ट होतच नाही. फॉरेस्टरची भेसळ हाच आता अस्सलपणाचा दाखला!

त्या काउंटरवरच्या मुलाला हे सांगायला हवं होतं. पण असो.

रविवारी मामीकडे गेलो. तिने फुलपात्रच काढलं. एक घोट घेऊन जरा वेळ तोंडात घोळवला. "चांगली आहे," म्हणाली. "जड आहे पण. ही ती नव्हे."

मी पोंबालपासून सुरुवात करणार होतो. गोव्यातल्या त्या स्वस्त, गोड बाटलीवर नाव पोर्टचं असलं तरी दोरोच्या खांबांच्या आतलीच खरी, वगैरे. मग गप्प बसलो. पोंबालने खांब रोवले, फॉरेस्टरने पुस्तिका काढली. मामीकडे रविवारची रात्र होती. खरं-खोटं ठरवायला तेही काही कमी माप नाही.

"पुढच्या महिन्यात पणजीला जातोय," मी म्हटलं.

"आण मग," मामी म्हणाली, "आणि ही राहू दे इथेच. वाया कशाला घालवायची?" बाटली तिने औषधांच्या फळीवर ठेवली.