एका रंगाचे दोन पाठ

पाठचिकित्सा ही हस्तलिखितांपुरतीच असते, असा आपला समज असतो. संगणकावरील रंगांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला की तो टिकत नाही.

'एक्स' या खिडकी-प्रणालीत १९८६ साली रंगांच्या नावांची एक यादी आली. प्रत्येक नावापुढे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे प्रमाण दिलेले होते. ते ठरवले गेले 'व्हीटी २४०' या एका विशिष्ट टर्मिनलवर पाहून. १९८९ मध्ये यादी सुधारली, ती दुसऱ्याच कंपनीच्या पडद्यावर पाहून. म्हणजे शब्दाचा अर्थ कोशकाराच्या समोरच्या काचेने ठरवला! (आपली आमसुली, अबोली, विटकरी ही नावे निदान फळाफुलांकडे आणि विटेकडे बोट दाखवतात.) पुढे एचटीएमएलने सोळा रंगनामे निराळ्या परंपरेतून घेतली. परिणामी 'ग्रे' म्हणजे एक्समध्ये २५५ पैकी १९० आणि वेबवर १२८. नंतर दोन्ही याद्यांचा संकर झाला, तेव्हा १६९ मूल्याचा 'डार्कग्रे' हा साध्या 'ग्रे'हून उजळ ठरला. ही विसंगती आजही प्रमाणग्रंथात आहे.

नावे फसवी, म्हणून अंक बरे, असे कोणी म्हणेल. पण अंकांनाही वाचक लागतो. रंगाचा संकेतांक सहा अंकी असतो, प्रत्येक घटकाला दोन अंक. त्याचे तीन अंकी लघुरूप, उदाहरणार्थ #३५७, कसे उलगडायचे? एक्सच्या मते उरलेल्या जागी शून्ये भरावीत: ३०५०७०. डिसेंबर १९९६ च्या सीएसएसच्या मते प्रत्येक अंक द्विरुक्त करावा: ३३५५७७. पहिल्या पद्धतीलाही तर्क आहे; न लिहिलेला अंक म्हणजे न सांगितलेला तपशील. मात्र तिची अडचण पांढऱ्यापाशी उघडी पडते. सोळाच्या पटीतील सर्वांत मोठा अंक 'एफ'. तो तीनदा लिहिला तरी शून्ये भरून मूल्य २५५ ऐवजी २४० होते. शुभ्र मागितले आणि मळकट मिळाले. सीएसएसच्या कर्त्यांनी द्विरुक्तीचे कारण नेमके हेच दिले आहे.

ईमॅक्स हा मजकूर-संपादक या दोन्ही जगांत वावरतो. एक्सची खिडकी, विंडोज, मॅक, साधे टर्मिनल अशा निरनिराळ्या पडद्यांसाठी त्यात संकेतांक वाचणारे निरनिराळे तुकडे साचत गेले. एकच लिहिलेला रंग कुठे, कसा वाचला जाईल, हे पडद्यावर अवलंबून राहिले. २०२२ मधील अठ्ठाविसाव्या आवृत्तीत हे वाचन एकाच नियमाखाली आले, आणि लघुरूपासाठी द्विरुक्तीचा पाठ स्वीकारला गेला.

मला हा निर्णय योग्य वाटतो, पण तो निरुपद्रवी नाही. जुन्या नियमावर विसंबून कोणी तीन अंकांत रंग लिहिले असतील, तर त्यांच्या छटा एक अक्षरही न बदलता बदलल्या. संहिता तीच, अर्थ नवा. आणि लेखकाला कोणी विचारले नाही.

शिवाय संपादक एकवाक्यता आणू शकतो ती फक्त अंकांत. तोच अंक दोन काचांवर सारखा दिसावा, यासाठी १९९६ मध्ये मांडलेले 'एसआरजीबी' हे मानक १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय झाले खरे. तरी दुकानात ओळीने मांडलेले पडदे एकच चित्र दाखवताना पाहावेत.