कचरू-धोंडू ते सिद्धार्थ-सुजाता : आपल्या नावांचा इतिहास

आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरातलं जुनं रेशनकार्ड काढून बघा. आजोबा धोंडू, आजी भागाबाई, वडील गौतम, आई सुजाता आणि मुलं सिद्धार्थ नि प्रज्ञा. तीन पिढ्यांची ही नावं म्हणजे आपल्या समाजाचा इतिहासच आहे.

पूर्वी कचरू, धोंडू, दगडू, भिकू, केरू अशी नावं सर्रास असत. ती इतर जातींतही होती. मुलं जगत नसत. नाव ओबडधोबड ठेवलं तर मरण फिरकणार नाही, अशी आईबापांची भाबडी समजूत. परंतु दुसरंही कारण होतं. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं निंदावाचक असावं, असा नियमच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. शूद्राची ही गत, मग अस्पृश्याची काय सांगावी! साठ वर्षांच्या म्हाताऱ्यालाही गावातलं पोर 'ए धोंड्या' म्हणून हाक मारी. हीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आली.

परमपूज्य बाबासाहेबांनी नावाचं मोल ओळखलं होतं. त्यांनी मुंबईतल्या आपल्या घराला राजगृह नाव दिलं. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन उभं राहिलं. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वीच ही नावं लोकांच्या तोंडी बसू लागली होती. दीक्षेनंतर ती घराघरांतल्या पाळण्यात आली.

त्यांचे अर्थ मुलांना सांगितले पाहिजेत. सिद्धार्थ म्हणजे ज्याचा हेतू सफल झाला तो. सुजाताने उरुवेलेत बोधिसत्त्वाला खीर दिली. विशाखेने श्रावस्तीला पूर्वाराम विहार बांधून दिला. महेंद्र आणि संघमित्रा यांनी धम्म श्रीलंकेला नेला. मिलिंद हा तर ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा.

कुणी म्हणतं, ही नावं तुम्ही नवीनच काढलीत. त्यांना नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत न्यावं. तिथे एका यवन दात्याचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात त्याच्या वडिलांचं नाव धम्मदेव आणि मुलाचं धम्मरक्षित असं कोरलेलं आहे. धम्माची नावं या मातीत जुनीच आहेत, मधे ती पुसली गेली एवढंच.

मात्र नुसत्या नावाने भागत नाही. नाव ही केवळ ओळखीची खूण आहे, हे नागसेनानेच मिलिंदाला रथाचं उदाहरण देऊन समजावलं. नाव सिद्धार्थ आणि खिशात गुटख्याची पुडी, नाव मैत्री आणि शेजारणीशी अबोला, असं असेल तर काय उपयोग?

आणखी एक सांगावंसं वाटतं. आजोबांचं नाव धोंडू होतं हे सांगायला आपली शिकलेली मुलं लाजतात. लाजू नका. ते नाव त्यांनी स्वतः निवडलं नव्हतं. पण ज्या दिवशी निवडायची संधी मिळाली, त्या दिवशी त्याच धोंडूबाबाने पाळण्याजवळ वाकून नातवाच्या कानात 'सिद्धार्थ' म्हटलं.

जयभीम!