बडीने रस्ता ओलांडला. दारे उघडायला २८ वर्षे लागली

१/
जून १९२८. न्यूयॉर्कच्या धक्क्यालगतचा वेस्ट स्ट्रीट हा रुंद रस्ता, त्यावर मालमोटारींची अखंड वर्दळ. वार्ताहरांच्या घोळक्यासमोर २० वर्षांचा एक अंध तरुण आपल्या कुत्रीसह रस्त्यात उतरला आणि काही मिनिटांत सुखरूप पलीकडे पोहोचला. त्याने स्वित्झर्लंडला तार केली. तारेत एकच शब्द होता : ‘यश’.

२/
तरुणाचे नाव मॉरिस फ्रँक, कुत्रीचे नाव बडी. ही कथा बहुधा येथेच संपवली जाते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अवघड भाग येथूनच सुरू होतो. त्याआधी थोडे मागे जायला हवे.

३/
कुत्र्याने अंधाला वाट दाखवावी ही कल्पना जुनी आहे. व्हिएन्नातील अंधशाळेचे संस्थापक योहान विल्हेल्म क्लाईन यांनी १८१९ च्या ग्रंथात अशा प्रशिक्षणाचे वर्णन केले होते. मऊ दोरीऐवजी ताठ दांडी वापरावी, म्हणजे कुत्र्याची प्रत्येक हालचाल हाताला कळते, हे सूत्रही त्यात होते. तरीही जवळजवळ शंभर वर्षे त्यातून कोणतीही संस्था उभी राहिली नाही.

४/
ती उभी केली युद्धाने. पहिल्या महायुद्धात स्फोटांनी आणि विषारी वायूने असंख्य जर्मन सैनिकांची दृष्टी गेली. त्याच सैन्यात जखमींना शोधून काढणारी कुत्री तयार करण्याची व्यवस्था आधीपासून होती. गरज आणि कौशल्य एकत्र आले. डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे अंधांसाठी मार्गदर्शक श्वान घडवणारी पहिली शाळा सुरू झाली. १९२३ मध्ये पॉट्सडॅम येथे आणखी एक मोठे केंद्र उभे राहिले.

५/
पॉट्सडॅमचे काम पाहून एक अमेरिकन स्त्री थक्क झाली : डोरोथी हॅरिसन यूस्टिस. स्वित्झर्लंडमधील आपल्या श्वानकेंद्रात त्या पोलीस आणि लष्करासाठी जर्मन शेफर्ड (आपल्याकडे ‘अल्सेशियन’ म्हणून परिचित) कुत्री तयार करीत. ५ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. शीर्षक होते ‘द सीइंग आय’, म्हणजे ‘पाहणारा डोळा’.

६/
टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे एका पित्याने तो लेख आपल्या मुलाला वाचून दाखवला. मॉरिसचा एक डोळा सहाव्या वर्षी, तर दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात गेला होता. बाहेर जायचे तर पैसे देऊन सोबतीला मुलगा ठेवावा लागे. त्याने यूस्टिस यांना पत्र लिहिले : मला शिकवा, परत येऊन मी इतर अंधांनाही ही वाट दाखवीन.

७/
१९२८ च्या वसंतात तो युरोपला निघाला. एकट्या अंधाचा प्रवास तेव्हा इतका अकल्पित होता, की त्याला एका कंपनीच्या हवाली अक्षरशः ‘पार्सल’ म्हणून पाठवण्यात आले. स्वित्झर्लंडमध्ये प्रशिक्षक जॅक हम्फ्री यांनी त्याची आणि बडीची जोडी घडवली.

८/
‘घडवली’ हा शब्द महत्त्वाचा. मार्गदर्शक श्वानाला मुक्कामाचा पत्ता ठाऊक नसतो. कोठे वळायचे हे माणूस ठरवतो. खड्डे, पायऱ्या, खांब, डोक्याला लागतील अशा फांद्या टाळण्याचे काम कुत्र्याचे. म्हणूनच चालण्याचा वेग, ओढ आणि स्वभाव जुळवून जोडी ठरवली जाते.

९/
प्रशिक्षणातील सर्वांत कठीण धडा आज्ञा मोडण्याचा. वाहनांच्या आवाजाचा कानोसा घेऊन माणूस ‘पुढे चल’ म्हणतो. पण गाडी अंगावर येत असेल तर कुत्र्याने जागचे हलता कामा नये. केवळ आज्ञाधारक कुत्रा येथे निरुपयोगी ठरतो. आणि कुत्रा थांबला की माणसानेही त्याच्यावर विसंबायला शिकावे लागते.

१०/
मायदेशी परतल्यावर २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिल येथे यूस्टिस आणि फ्रँक यांनी ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन केली. अमेरिकेतील मार्गदर्शक श्वानांची ही पहिली शाळा. दोन वर्षांनी ती न्यू जर्सीत गेली.

११/
रस्ता ओलांडता आला, पण पलीकडचे दार उघडेल याची शाश्वती नव्हती. उपाहारगृहे, हॉटेले आणि आगगाड्यांच्या दृष्टीने बडी म्हणजे केवळ एक कुत्रा. ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ या पाटीचा अर्थ व्यवहारात ‘या अंध माणसाला एकट्याने प्रवेश नाही’ असा होत असे. फ्रँक गावोगावी फिरला, भाषणे दिली, अधिकाऱ्यांना भेटला. १९३५ पर्यंत अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक श्वानांना डब्यात प्रवेश दिला. १९५६ पर्यंत देशातील प्रत्येक राज्यात त्यांच्या प्रवेशासंबंधी कायदे झाले होते.

१२/
दयेचा प्रश्नही असाच सोडवला गेला. संस्थेने १९३४ मध्ये पहिल्या श्वानासाठी १५० डॉलर शुल्क ठरवले, ते पुढे कधीच वाढवले नाही. खरा खर्च याच्या कित्येक पट असतो आणि तो देणग्यांतून भागतो. तरीही शुल्क घेतले जाते, कारण येणारी व्यक्ती याचक म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून यावी.

१३/
बडी १९३८ मध्ये वारली. फ्रँकने पुढच्या प्रत्येक श्वानाचे नाव बडीच ठेवले. वेस्ट स्ट्रीट ओलांडायला पहिल्या बडीला काही मिनिटे पुरली होती. तिच्यासारख्यांना प्रत्येक राज्यात कायद्याने आत घ्यायला माणसांना १९२८ ते १९५६ अशी २८ वर्षे लागली. त्या काळात शिकायचे होते ते प्रामुख्याने माणसांनाच.