डिजिटल टिपणवही

डिजिटल टिपणवही म्हणजे दैनंदिन माहिती लिहून ठेवण्यासाठी, तिची वर्गवारी करण्यासाठी आणि ती पुन्हा शोधून काढण्यासाठी मोबाइल फोनवर किंवा संगणकावर वापरले जाणारे ॲप होय. किराणा मालाची यादी, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, औषधांच्या वेळा, विम्याची मुदत, खरेदीच्या पावत्या, जमिनीच्या कागदपत्रांचे तपशील अशा नोंदी तीत ठेवल्या जातात. कागदी वहीतील नोंदी लिहिल्या त्याच क्रमाने राहतात. डिजिटल टिपणवहीतील नोंद विषयावरून, दिनांकावरून किंवा तिच्यातील एखाद्या शब्दावरून सापडू शकते. त्यामुळे तिची उपयुक्तता नोंदींच्या संख्येपेक्षा त्या वेळेवर सापडण्यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात नोंदी ठेवण्याची परंपरा जुनी आहे. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे मोडी कागद ‘रुमाल’ म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे या रूपात ठेवलेले आहेत. घरगुती पातळीवर जमाखर्चाची वही, रोजनिशी आणि भिंतीवरील दिनदर्शिका ही माहिती टिपण्याची साधने होती. १९७३ साली सुरू झालेल्या ‘कालनिर्णय’सारख्या दिनदर्शिकांच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, कामाला येणाऱ्यांच्या सुट्ट्या लिहिण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मात्र वर्ष संपल्यावर दिनदर्शिका भिंतीवरून उतरते आणि तिच्यावरील नोंदीही बहुधा नष्ट होतात.

व्यक्तिगत माहिती यंत्रात साठवून तिच्यात परस्परसंबंध जोडण्याची कल्पना अमेरिकी अभियंता व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ साली ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राच्या रूपाने मांडली. मायक्रोसॉफ्टचे वननोट २००३ मध्ये, एव्हरनोट २००८ मध्ये, गूगल कीप २०१३ मध्ये आणि ऑब्सिडियन २०२० मध्ये वापरकर्त्यांसाठी उपलब्ध झाले.

नोंदींची रचना

वर्गवारीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. फोल्डर पद्धतीत प्रत्येक नोंदीला एकच जागा असते. टॅग पद्धतीत एका नोंदीला अनेक खुणा जोडता येतात. उदाहरणार्थ, फ्रिजच्या पावतीचे छायाचित्र ‘घर’ या फोल्डरमध्ये ठेवून त्याला ‘वॉरंटी’ आणि ‘पावती’ असे टॅग देता येतात. टॅगची संख्या फार वाढल्यास, किंवा ‘बिल’, ‘बिले’, ‘देयक’ असे समानार्थी टॅग तयार झाल्यास शोध अवघड होतो. नोंदीच्या शीर्षकात वस्तू, कागदाचा प्रकार आणि वर्ष यांचा उल्लेख असल्यास ती लवकर सापडते.

नोंदींचे त्यांच्या आयुष्यानुसार तीन गट करता येतात : काम होताच पुसायच्या तात्पुरत्या नोंदी, ठरावीक दिवशी आठवण करून देणाऱ्या मुदतीच्या नोंदी आणि अनेक वर्षे जपायच्या कायम नोंदी. हे गट एकत्र मिसळले, तर बाजाराच्या जुन्या याद्यांत महत्त्वाचे तपशील हरवतात.

मराठीतील नोंदी

मराठी नोंदींचा शोध लिपीच्या संगणकीय स्वरूपावर अवलंबून असतो. देवनागरी लिपी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून त्या प्रमाणात समाविष्ट आहे. त्याआधीच्या पद्धतीच्या, युनिकोडेतर फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर नोंदवहीत उतरवल्यास तो निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. ‘२०२४’ आणि रोमन आकड्यांत लिहिलेले तेच वर्ष, ‘दूध’ आणि ‘दुध’, किंवा स्वतंत्र ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ यांना काही ॲप वेगवेगळे मानतात. यासाठी आकडे आणि शब्दांची रूपे एकाच पद्धतीने लिहिणे सोयीचे ठरते. २०१७ मध्ये गूगलने मराठीसाठी बोलून टंकलेखनाची सोय दिली. त्यामुळे टंकलेखनाची सवय नसलेल्यांनाही नोंदी करणे सुकर झाले.

पनवेल परिसरातील उदाहरण

एकाच मालमत्तेची माहिती काळानुसार निरनिराळ्या कार्यालयांत कशी विखुरते, हे पनवेल तालुक्यात दिसते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादित केल्या. प्रकल्पग्रस्तांसाठी पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि ओवे, खारघर यांसारखी गावे तिच्या हद्दीत आली. अशा गावांतील एखाद्या कुटुंबाचे तपशील गाव व सर्व्हे क्रमांक, फेरफार क्रमांक, संपादनाचा निवाडा, सेक्टर व भूखंड क्रमांक आणि मालमत्ता कराचे देयक अशा अनेक रूपांत असू शकतात. ही सर्व रूपे एका नोंदीत लिहून, मूळ कागद कोठे आणि कोणाकडे आहे हे नमूद केल्यास वारसांना पुढे शोध घेणे सोपे जाते. टिपणवहीतील नोंद किंवा छायाचित्र हा मात्र मूळ दस्तऐवजाचा पर्याय नव्हे. सातबारा उताऱ्यासाठी महसूल विभागाची डिजिटल स्वाक्षरीची प्रत, तर शासकीय यंत्रणांनी दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी २०१५ साली सुरू झालेले डिजिलॉकर ही स्वतंत्र साधने आहेत.

सुरक्षितता

पासवर्ड, एटीएम कार्डाचा पिन आणि ओटीपी साध्या नोंदीत ठेवणे धोक्याचे असते. पासवर्डसाठी कूटबद्ध साठवण करणारी वेगळी ॲप असतात. आधार क्रमांक पूर्ण दाखवण्याची गरज नसेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत वापरता येते. फोन हरवल्यास नोंदी इतरांच्या हाती जाऊ नयेत म्हणून स्क्रीन लॉक आणि खात्याची द्विस्तरीय पडताळणी उपयोगी पडते.

मर्यादा आणि माहितीवरील ताबा

नोंदी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर असल्यास त्या सेवेच्या अटींवर त्यांची उपलब्धता अवलंबून राहते. २००६ मध्ये सुरू झालेली गूगल नोटबुक ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली आणि तिच्यातील नोंदी गूगल डॉक्समध्ये हलवण्यात आल्या. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य खात्यावर ५० नोंदींची मर्यादा घातली. म्हणून ॲप निवडताना नोंदी साध्या मजकुराच्या किंवा पीडीएफ फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात का, हे पाहणे महत्त्वाचे असते. समक्रमण म्हणजे बॅकअप नव्हे : एका उपकरणावर चुकून पुसलेली नोंद समक्रमणामुळे इतर उपकरणांवरूनही पुसली जाते.

दुसरी मर्यादा वापरकर्त्याच्या मृत्यूनंतर जाणवते. खाते उघडता न आल्यास विमा, ठेवी आणि कागदपत्रांची व्यवस्थित ठेवलेली यादीही कुटुंबीयांच्या उपयोगी पडत नाही. यासाठी काही सेवांत विश्वासू व्यक्ती नेमण्याची सोय असते. ती नसल्यास महत्त्वाच्या नोंदींची छापील प्रत घरात ठेवली जाते.

हे सुद्धा पहा

रोजनिशी
डिजिलॉकर
युनिकोड
सातबारा उतारा