स्टाउरहेडचं पाणी

1783 चा उन्हाळा. विल्टशायरमधल्या स्टाउर्टन गावच्या खानावळीतून तुम्ही सकाळीच बाहेर पडता. बाग बघायला लांबून लोक येतात, तसेच तुम्हीही आलात. उतार संपतो आणि एकदम समोर पाणी येतं. तळं नैसर्गिक वाटतं, पण तीस वर्षांपूर्वी ते नव्हतं. स्टाउर नदी जिथे उगम पावते तिथेच तिला बंधारा घालून हे पाणी अडवलंय. काठावर बीच आणि फरची झाडं आहेत. पुढे या बागेची ओळख बनणारी रोडोडेंड्रॉनची लाल-जांभळी फुलं मात्र अजून कुठेच नाहीत.

मालक हेन्री होअर, वय 78. मूळचं घराणं लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या पेढीचं. वडिलांनी 1717 मध्ये ही जहागीर विकत घेतली आणि जुना वाडा पाडून कॉलिन कॅम्पबेल या वास्तुकाराकडून टेकडीवर नवी हवेली बांधून घेतली. म्हणजे इथल्या कुळांचा मालक मुळात सावकार. इंग्लंडात मान मिळतो तो जमिनीला, आणि जमीन येते ती पेढीच्या पैशातून.

पायवाटेने चालू लागा. पहिलं लागतं ते फ्लोरा देवीचं छोटं देऊळ. ते 1744 च्या सुमारास बांधायला घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी हेन्रीची दुसरी बायको सुझन गेली होती. पहिली तर लग्नानंतर वर्षभरातच, बाळंतपणात गेली. पुढची वाट काळोख्या गुहेत उतरते. झऱ्याचं पाणी कोसळतं, त्याच्या काठी शिशाची एक जलपरी झोपलेली आहे. हात बुडवा, कळ येईल इतकं थंड आहे. उन्हाळ्यात हेन्री स्वतः इथे डुंबत असे.

गुहेतून वर आलात की पॅन्थिऑन नावाचं घुमटाचं देऊळ. घुमटाखाली रिझब्रॅक या शिल्पकाराने घडवलेला संगमरवरी हर्क्युलिस उभा आहे. इथे थांबा. हेन्रीचा मुलगा, तोही हेन्रीच, युरोपच्या प्रवासाला गेला आणि 1752 मध्ये नेपल्समध्ये देवीच्या आजाराने वारला. पॅन्थिऑनचं काम सुरू झालं 1753 मध्ये. सालं शेजारी-शेजारी ठेवून बघा. मला तरी ही बाग निव्वळ हौसेची वाटत नाही. घरातलं माणूस गेलं की हा माणूस दगड मागवतो, झाडं लावतो.

उरल्या दोन मुली. धाकटी अ‍ॅन सख्ख्या चुलतभावाला दिली. आपल्याकडे हे ऐकूनच लोक दचकतील, पण तिथे त्यामुळे पेढी आणि जमीन घरातच राहिली. 1758 मध्ये तिला मुलगा झाला, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. आजीच्या माहेरचं नाव मिळालेला तो नातू म्हणजे रिचर्ड कोल्ट होअर. थोरली सुझॅना दोन्ही लग्नांनी सरदारघराण्यातच गेली. यंदा, 1783 च्या फेब्रुवारीत, तीही गेली.

आता पलीकडच्या टेकडीवर अपोलोचं देऊळ दिसेल आणि काठाशी पाच कमानींचा, गवताने मढवलेला पूल. त्या पुलावर उभे राहून मागे वळून पाहा. पाण्यापलीकडे पॅन्थिऑनचा घुमट पाण्यात उलटा दिसतो. हेन्रीच्या डोळ्यांतलं चित्र हेच.

आणि ही सगळी मिळकत तो जिवंतपणी सोडतोय. नातवाचं ऑगस्टमध्ये हेस्टर लिटल्टनशी लग्न आहे. स्टाउरहेड त्याच्या नावावर होणार, मात्र एका अटीवर: त्याने पेढी सोडायची. पेढी कधी बुडाली तर तिच्याबरोबर ही जमीन जाऊ नये, एवढीच म्हाताऱ्याची धास्ती. ज्या पेढीने हे पाणी अडवलं, तिच्यापासूनच तो ते तोडून ठेवतोय.

तो स्वतः लंडनजवळच्या क्लॅपहॅमला राहायला जाईल आणि तिथेच 1785 मध्ये डोळे मिटेल. त्याच वर्षी हेस्टरही जाईल, आणि पंचविशी नुकतीच ओलांडलेला नातू बायको गमावून या तळ्याचा मालक म्हणून मागे उरेल.