सनाल आणि अवशेष : भंडारा जिल्ह्यातील पूर्वजभूमीविषयी एक टिपण

विदर्भातील शिलावर्तुळांचा विचार आजवर बहुधा लोहयुगाच्या कालनिर्णयापुरताच झालेला आहे. नागपूरनजीकच्या जुनापाणीचा वृत्तान्त रिव्हेट-कारनॅक यांनी १८७९ साली प्रसिद्ध केला. भंडारा जिल्ह्यातील पिंपळगाव व तिलोता खैरी येथील महापाषाणीय रचनाही अभ्यासकांना विदित आहेत. ही बहुतांशी मृतांची स्थाने आहेत, ही गोष्ट मात्र तपशिलाच्या गर्दीत मागे पडते.

येथे एक मोह टाळावयास हवा. वर्तुळे रचणारे लोक म्हणजे आजच्या गोंडांचेच पूर्वज, असे म्हणण्यास प्रमाण नाही. मृतासाठी शिळा उभी करण्याची माडिया गोंडांची चाल ग्रिग्सन यांनी १९३८ च्या ग्रंथात नोंदविली आहे. पण मधल्या दोन हजारांहून अधिक वर्षांचा दुवा सापडलेला नाही. तथापि रक्षणासाठी वंशावळीचा पुरावा मागणे मला अनाठायी वाटते. पवनीच्या स्तूपाकडे असा पुरावा कोणी मागितला नव्हता.

भाषेची साक्ष अधिक बोलकी आहे. आदिलाबादच्या गोंडीत मृत पूर्वजास ‘सनाल’ म्हणतात, माडियात ‘हनाल’. आद्य ‘स’च्या जागी ‘ह’ येणे हे गोंडीच्या बोलीभेदाचे परिचित लक्षण होय. मूळ धातू ‘मरणे’ या अर्थाचा. कन्नड ‘साय्’ आणि तमिळ ‘चा’ ही त्याचीच भावंडे. शब्दाचा शेवट व्यक्तिवाचक मानला, आणि तसा तो मानावा असे माझे मत आहे, तर ‘सनाल’ म्हणजे ‘मेलेला तो’. आपला ‘अवशेष’ म्हणजे नुसते उरलेले काही. अवशेषाला नोंदवहीत क्रमांक देता येतो. सनालाला नैवेद्य द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडात एका नागा कवटीचा लिलाव पुकारला गेला आणि निषेधानंतर मागे घेतला गेला. तो वाद मुळात याच दोन शब्दांतला होता.

कायद्याची भाषा अवशेषाचीच आहे. १९५८ चा पुरातत्त्व कायदा शंभर वर्षे जुन्या वास्तूंचा विचार करतो. आजोबांची माती त्यात बसत नाही. परंपरारक्षणाचा अधिकार ग्रामसभेस देणारा १९९६ चा पेसा कायदा भंडाऱ्यास लागू नाही, कारण हा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. वनजमिनीपुरता २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाचा आधार मिळतो. सांस्कृतिक वारशाची हानी रोखण्याचा अधिकार तेथे ग्रामसभेकडे आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी हे कलम खोदकामापूर्वी वाचावे.

नदीकाठची स्थिती निराळी. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचे, झाडांचे, घराचे मोल ठरविण्याची सोय होती. २०१३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसनाच्या गावी दफनभूमी वा स्मशानभूमी देण्याची तरतूद आली. ती पुढे मरणाऱ्यांसाठी आहे. जुन्या गावी पुरलेल्यांना हलविण्याविषयी त्या नोंदीत अक्षर नाही.