लपवलेली गोळी

1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्माराचे झटकेही येऊन बसले, लग्नाला अपात्र ठरवणारं कारण म्हणून. तो शब्द निघाला 1999 मध्ये. लपवाछपवी कायद्याने जन्माला घातली नाही. मुलीच्या फिट सोयरिकीत सांगायच्या नाहीत, हे घरोघरी आधीपासून ठरलेलंच होतं. कायद्याने त्या लपवाछपवीवर शिक्का मारला, इतकंच. मग सासरी गोळी चोरून घ्यायची, घरात पाहुणे असले की चुकवायची. चुकली की झटका, आणि झटका आला की ‘औषध लागू पडत नाही’ हा शेरा. फेफरं हट्टी ठरतं त्यात या लपवण्याचा हात मोठा असतो. म्हणून रुग्णाला आणि घरच्यांना शिकवणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

यंत्रमागांच्या भिवंडीत, नारपोलीसारख्या वस्तीत, हे आणखी टोकदार होतं. पाळी 12 तासांची, मजुरी मीटरवर. जागरणाने झटके येतात हे डॉक्टर सांगतात, पण रात्रपाळी सोडायची तर कारण सांगावं लागतं, आणि कारण कळलं तर माग हातचा जाईल ही धास्ती. तेव्हा ‘झोप पूर्ण घ्या’ एवढ्याने भागत नाही. शेजारच्या मागावरच्या कारीगरालाही ठाऊक हवं: माग बंद करा, माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, 5 मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

यावर आक्षेप असा, की काहींचा आजार खरोखरच औषधांना दाद देत नाही. तिथे शिकवून काय होणार? आक्षेप रास्त आहे. योग्य निवडलेली, सोसवणारी दोन औषधं नीट घेऊनही झटके थांबले नाहीत, तरच आजाराला दुर्दम्य म्हणावं, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या 2010 ची. पण ‘नीट घेऊनही’ हे ठरवायचं कशावरून? चुकलेल्या गोळ्यांची आणि झटक्यांची घरच्यांनी ठेवलेली नोंद नसेल, तर डॉक्टर उगाच औषध वाढवत जातात, किंवा शस्त्रक्रियेचा विचार वर्षानुवर्षं लांबतो. शिकवण्याने सगळा दोष रुग्णाच्याच माथी जातो, ही दुसरी तक्रार मला जास्त बोचते. मुकादमाला सोडून फक्त मजुराला शिकवलं तर ती खरीच ठरेल. पुण्यात यशोदा वाकणकरांच्या संवेदना फाउंडेशनने रुग्ण आणि कुटुंबं एकत्र बसवून बोलती केली. मागांच्या खडखडाटात तशी बैठक भरवायची, तर ती पाळी सुटण्याच्या वेळीच भरवावी लागेल.